गुलछबू ओट्यावरून उतरतो

एका जंगलात एक स्वयंपाकघर होतं. जंगलात स्वयंपाकघर कशाला, असं विचारणाऱ्यानं जरा गप्प बसावं. गोष्ट मी सांगतोय.

तर त्या स्वयंपाकघरात गोदाक्का नावाची अस्वलीण स्वयंपाक करायची. अंगानं आडवी, आवाजानं खणखणीत. ती रोज एकच पदार्थ करायची. दहीभात. तांदूळ कुठून यायचे ते विचारू नका. बोधकथेत तांदूळ येतात. दूध मात्र रानम्हशी द्यायच्या, आणि तेही राजीखुशीनं द्यायच्या. का, ते आता कळेलच.

हा दहीभात खायचे जंगलाचे राजे, सिंहमहाराज आयाळराव.

हसू नका. अकरा वर्षांपूर्वी आयाळरावही चारचौघा सिंहांसारखेच जेवत असत. सकाळी एक हरिण, संध्याकाळी एक हरिण, मधे भूक लागलीच तर ससा. मग त्यांच्या पोटात आग पडायला लागली. घुबडवैद्यांनी जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं, "मांस बंद. दहीभात सुरू." बऱ्याच जणींनी दही लावून पाहिलं. महाराजांना मानवलं ते फक्त गोदाक्काच्या हातचं. मग महाराजांनी भर दरबारात शब्द दिला, "जोवर गोदाक्काचं दही आहे, तोवर मी कुणाला हात लावणार नाही."

दही नसलं तर काय, हे महाराज बोलले नाहीत. कुणी विचारायलाही गेलं नाही.

त्या दिवसापासून जंगलात हरणं वाढली, ससे वाढले, रानम्हशींच्या अंगावर मांस चढलं. रेवती नावाची एक हरिणी तर रोज दुपारी स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसायची. ताक प्यायची, गोदाक्काशी गप्पा मारायची. तिथून दहा हातांवर महाराज वामकुक्षी घेत असायचे. रेवतीचा जन्मच मुळी दही सुरू झाल्यानंतरचा. सिंह हा भात खाणारा एक मोठा प्राणी असतो, अशी तिची प्रामाणिक समजूत होती.

आता या दह्याचा सगळा जीव होता विरजणात. तुमच्यातल्या ज्यांच्या घरी दही पिशवीतून येतं, त्यांना हे सांगायला हवं. आजच्या दह्यातलं चमचाभर बाजूला काढायचं. ते विरजण. ते उद्याच्या कोमट दुधात घालायचं, म्हणजे उद्याचं दही. त्यातलं चमचाभर परवासाठी. असं रोज. एक दिवस चुकला तर संपलं. गोदाक्काचं विरजण तिच्या आईचं, आईला ते आजीकडून आलेलं. लग्नात आईनं गोदाक्काच्या अंगावर दागिना घातला नाही. हातात विरजणाची वाटी दिली आणि म्हणाली, "हे जप." गोदाक्कानं ते जपलं होतं.

दह्याचं मडकं आणि विरजणाची वाटी ओट्यावर असायची. ओटा काळ्या दगडाचा, चुलीला लागून, म्हणून ऊबदार. खाली ठेवावं तर मुंग्या. मडक्यावर झाकण आणि झाकणावर दगड. वाटीवर छोटं झाकण आणि त्यावर छोटा दगड.

आणि याच ओट्यावर गुलछबू बसायचा.

गुलछबू हा बोका. रंगानं पिवळसर, मिशा लांब, चेहऱ्यावर कायम कुणीतरी आपला अपमान केल्याचा भाव. त्याला ओट्याची ऊब आवडायची. तो येऊन झाकणाकडे बघायचा, दगडाकडे बघायचा, सुस्कारा सोडायचा आणि झोपायचा. गोदाक्का त्याला कोपरानं बाजूला सारून भात कालवायची. अकरा वर्षं दोघांचं असं छान चाललं होतं.

पण मुलांनो, छान चाललेल्या गोष्टीवर कधीतरी पाहुण्यांची नजर पडते.

एके दिवशी पलीकडच्या जंगलाचे राजे, वाघमहाराज पट्टेराव, भेटीला आले. आयाळरावांनी त्यांना धबधबा दाखवला, गुहा दाखवली आणि शेवटी मोठ्या अभिमानानं स्वयंपाकघर दाखवलं. पट्टेरावांनी आत डोकावलं. ओट्यावर गुलछबू चारही पाय वर करून पसरला होता.

"अरेच्चा," पट्टेराव म्हणाले. "तुमच्याकडे मांजर ओट्यावर झोपतं वाटतं?"

"कधीकधी," आयाळराव म्हणाले.

"आमच्याकडे ओट्यावर मांजर दिसायचं नाही तुम्हाला. शिस्तीचा प्रश्न असतो."

एवढंच. पट्टेराव पान खाऊन निघून गेले. पण आयाळरावांना त्या दिवशी दहीभात गोड लागला नाही. त्यांनी गोदाक्काला बोलावलं.

"हे मांजर ओट्यावर का बसतं?"

"बसंना का म्हाराज," गोदाक्का म्हणाली. "झाकण हाय, वर दगड हाय. अकरा वर्सं बसतंय. एक थेंब गेला न्हाई."

"प्रश्न थेंबाचा नाही, गोदाक्का. प्रश्न शोभेचा आहे. पट्टेरावांचं मांजर ओट्यावर चढत नाही."

"त्येंच्याकडं ओटा तरी हाय का, बघून या की."

पण राजे असं बघून येत नसतात. राजे हुकूम काढतात. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात एक पाटी आली. 'ओट्यावर चढण्यास सक्त मनाई आहे. हुकमावरून.' पाटी भली मोठी होती, भिंतीवर मावेना, म्हणून ओट्याला तिरकी टेकवून ठेवली. गुलछबूचं वय झालं होतं, हल्ली त्याला उडी मारताना गुडघे दुखायचे. तो पाटीवरून चालत वर गेला. फार सोय झाली.

मग हत्तीला सोंडेत पाणी भरून दाराशी उभं केलं. बोका चढला की फवारा मारायचा. हत्तीनं मारला. बोका खाली उतरला आणि चूल विझली. त्या दिवशी महाराजांचं जेवण चार वाजता झालं. मग कुणीतरी सांगितलं की मांजराला लिंबाचा वास सहन होत नाही. ओटाभर लिंबाच्या साली पसरल्या. गुलछबूनं त्या पंजानं एकेक करून खाली ढकलल्या. त्याला तो खेळ फार आवडला. साली वेचून वेचून गोदाक्काची कंबर मोडली.

तेव्हा महाराजांनी तज्ज्ञांना बोलावलं.

तज्ज्ञ म्हणजे प्राध्यापक एकटंगे. बगळे. पांढरेशुभ्र कपडे आणि एका पायावर उभं राहून बोलायची सवय. ते नदीकाठी वर्तनसुधार शिबिरं घेत. त्यांच्या शिबिरातून किती मासे सुधारून गेले याची गणती नव्हती. परत आलेला मासा मात्र कुणी पाहिला नव्हता.

एकटंगे स्वयंपाकघरात आले. त्यांनी बोक्याकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. दरबार श्वास रोखून उभा राहिला.

"चूक आपली आहे," ते म्हणाले. "आपण बोक्याच्या चढण्याकडे बघतो. त्याच्या उतरण्याकडे आपण कधी प्रेमानं पाहिलं का?"

कुणीच पाहिलं नव्हतं. सगळे खजील झाले. महाराजांनी मान खाली घातली.

"आजपासून चढला तर दुर्लक्ष. उतरला की कौतुक. प्रत्येक उतरण्याला एक मासळी आणि टाळ्या. याला सकारात्मक पद्धत म्हणतात." मग त्यांची नजर मडक्यावर गेली. "आणि हे काय?"

"झाकण," गोदाक्का म्हणाली.

"ताई, झाकण म्हणजे अविश्वास. तुम्ही रोज त्या बोक्याला सांगताय की तू चोर आहेस. अशानं त्याचं मन कसं फुलणार? काढा ते."

"काढते की," गोदाक्का म्हणाली. तिनं झाकण काढलं, आणि बगळ्याची पाठ वळताच पुन्हा ठेवलं. वर दगडही ठेवला. बाई शहाणी होती.

प्रशिक्षण सुरू झालं. पहिल्या दिवशी गुलछबू दोनदा उतरला. दोन मासळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी तो पाच वेळा उतरला. आठवड्याभरात आकडा एकोणीसवर गेला. एकटंगे रोज संध्याकाळी दरबारात एका पायावर उभे राहून आकडा वाचायचे आणि दरबार टाळ्या वाजवायचा. अकरा वर्षं जो बोका दिवसातून एकदा चढून झोपायचा, तो आता सकाळपासून वरखाली करत होता. त्याचे गुडघेही बरे झाले. तो अंगानं भरला.

एका दुपारी रेवती ताक पिता पिता बघत होती. ती म्हणाली, "अक्का, उतरायचं म्हंजी आधी चढाय लागतंय न्हवं?"

"गप," गोदाक्का म्हणाली. "मोठ्यानं बोलू नगंस."

पण एकटंग्यांनी ऐकलं होतं. ते रेवतीकडे बघून हसले. तज्ज्ञ माणूस अडाण्याला हसतो तसं. "ताई, तुमची दृष्टी नकारात्मक आहे. चढणं आम्ही मोजत नाही."

मला विचाराल तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. बोका सुखी, बगळा सुखी, झाकण जागेवर. पण महाराजांना पट्टेरावांचं ते 'अरेच्चा' अजून कानात ऐकू येत होतं. त्यांनी फर्मान काढलं की जाहीर प्रात्यक्षिक होईल, पट्टेरावांना निमंत्रण जाईल आणि सगळं जंगल बघायला येईल.

प्रात्यक्षिकाच्या सकाळी ओटा झेंडूच्या माळांनी सजवला. समोर दोन्ही राजे बसले. एकटंगे पुढे आले आणि म्हणाले, "रिकाम्या ओट्यावरून कुणीही उतरेल. आमचा बोका भरल्या ओट्यावरून उतरेल. ताई, दह्याचं मडकं उघडं करा. पाहुण्यांना दिसू दे."

गोदाक्काच्या हातून झाकण सुटेना. ती महाराजांकडे गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "म्हाराज, पाया पडते. आज झाकण नगा काढाय लावू. दही गेलं तर..."

"तर काय?" महाराजांनी विचारलं.

गोदाक्कानं गर्दीकडे पाहिलं. पुढच्याच रांगेत रेवती बसली होती, गळ्यात झेंडूची माळ घालून, कान टवकारून. दही गेलं तर काय, हे तिच्यादेखत बोलायचं गोदाक्काला जमलं नाही.

"काय न्हाई," ती म्हणाली आणि तिनं मडक्यावरचं झाकण काढलं. विरजणाची वाटी तेवढी तिनं हळूच उचलून आपल्या काखेतल्या दाट केसांत दडवली.

"गोदाक्का," महाराज म्हणाले. "वाटी."

"ती लहानच हाय म्हाराज. शोभायची न्हाई."

"पट्टेराव बघताहेत. वाटी."

तिनं वाटी ओट्यावर ठेवली.

मग गुलछबू आला. तो चढला. सगळ्यांनी, शिकवल्याप्रमाणे, दुसरीकडे पाहिलं. दोन्ही राजांनी छताकडे पाहिलं. दरबारानं आपापल्या पायांकडे पाहिलं. एकटंगे तर डोळे मिटूनच उभे होते. गुलछबूनं अकरा वर्षांत पहिल्यांदा गोदाक्काच्या कोपराशिवाय उघडं मडकं पाहिलं. त्यानं आत तोंड घातलं. पोटभर झालं तसा तो मिशा चाटत खाली उतरला.

"उतरला!" एकटंगे ओरडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याला मासळी मिळाली.

तो पुन्हा चढला. सगळ्यांनी पुन्हा दुसरीकडे पाहिलं. असं एक्केचाळीस वेळा झालं. एक्केचाळीस! आधीचा उच्चांक एकोणीसचा होता. महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलं. पट्टेरावांचा चेहरा उतरला, आणि तो उतरलेला पाहून महाराजांना जे समाधान झालं, ते त्यांना अकरा वर्षांच्या दहीभातानं दिलं नव्हतं. एकटंग्यांना शाल आणि नारळ दिला. बोक्याला प्रमाणपत्र दिलं, ते त्यानं हुंगून बाजूला ठेवलं.

त्या सगळ्या गर्दीत एकटी गोदाक्का ओट्याकडे बघत राहिली होती. तिला दुसरीकडे बघायला शिकवूनही आलं नव्हतं. सगळे पांगल्यावर ती उठली. मडकं कोरडं होतं. वाटी आतून बाहेरून चाटून लख्ख झाली होती. गोदाक्कानं वाटीत बोट फिरवलं, मग खालीच बसली आणि वाटी मांडीत घेऊन रडली. आईची आठवण काढून काढून रडली. मुलांनो, मला इथे वाईट वाटतं. दर वेळी वाटतं. तुम्हाला वाटत नसेल तर तुमचं पुढे चांगलं होईल.

त्याच रात्री तिनं दुधात मिरचीचा देठ घालून पाहिला. तसंही दही लागतं, तुमच्या आजीला विचारा. सकाळपर्यंत दही लागलं, पण महाराजांनी एक घास घेतला आणि थुंकला. मग तिनं लिंबू पिळून पाहिलं. दूध नासलं.

"म्हाराज," ती म्हणाली, "पट्टेरावांच्या मुदपाकखान्यातनं चमचाभर विरजण मागून आणते. शेजारधर्म हाय. आमच्यात विरजणाला कुणी न्हाई म्हनत न्हाई."

महाराज दचकले. "काल त्यांना शिस्त दाखवली आणि आज त्यांच्या दारात वाटी घेऊन उभं राहायचं? माझं नाक कापायला निघालीस काय? अजिबात जायचं नाही."

ती तरीही गेली. भर दुपारी, पदराखाली वाटी घेऊन, दोन टेकड्या ओलांडून. पट्टेरावांकडे तुळसा नावाची रानडुकरीण स्वयंपाकाला होती. ती उंबऱ्यात कपाळाला हात लावून बसली होती.

"बाई, चमचाभर विरजण दे," गोदाक्का म्हणाली. "दोन चमचे करून परत देते."

"कुटलं इरजण आणि कुटलं काय," तुळसा म्हणाली. "आमचं राजं तुमच्याकडनं आलं ती तणतणतच. म्हनं एक्केचाळीस! आपलं मांजर किती येळा उतरतंय? म्या म्हनलं, म्हाराज, आपल्याकडं मांजरच न्हाई. कधीच नव्हतं."

"मग?"

"मग काय. आणली की मांजरं. तीन. माळावरनं धरून. आणि समदी झाकणं नदीत टाकाय लावली. काल सांजच्यालाच समदं चाटून गेली. माझ्या सासूचं इरजण हुतं गं."

मग गोदाक्का रिकामी वाटी घेऊन परत निघाली. त्या दोन जंगलांपलीकडे कुठे विरजण असेल, ते दोघींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती परत आली तोवर उशीर झाला होता. महाराजांच्या गुहेपुढे एका चितळाची शिंगं पडली होती.

"अपघात झाला," महाराज दरबारात म्हणाले. त्यांची जीभ अजून ओठांवरून फिरत होती, आणि पोटात आग पडल्याचं त्यांनी एका शब्दानंही म्हटलं नाही. खरं सांगू का, गेली कित्येक वर्षं ती आग पडतच नव्हती. "मी चाललो होतो. तो वाटेत आला. दही नव्हतं. मी दिलेल्या शब्दाच्या बाहेर गेलेलो नाही."

हरणं एकमेकांना चिकटून उभी होती. त्यांच्यातल्या एकालाही सिंह म्हणजे काय हे नीट आठवत नव्हतं. आता सगळ्यांना एकदम आठवलं.

"यावर उपाय झाला पाहिजे," महाराज गंभीरपणे म्हणाले. "असे अपघात मला आवडत नाहीत. प्राध्यापक, तुमचं काय मत?"

एकटंगे शाल सावरत पुढे आले. "हरणांना महाराजांच्या वाटेतून बाजूला होण्याची सवय नाही. अकरा वर्षं त्यांचं याबाबतीत प्रशिक्षणच झालेलं नाही. ते द्यावं लागेल."

तेव्हा गोदाक्का मागून ओरडली, "अवो, हरणांना काय शिकवताय? म्हाराजांना शिकवा की, पंजा आवराय!"

एकटंग्यांनी पाय बदलला. त्यांना पाय बदलताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. ते महाराजांच्या नखांकडे बघत म्हणाले, "महाराजांचं वर्तन माझ्या विषयात बसत नाही."

गोदाक्काला त्याच दिवशी स्वयंपाकघरातून काढून टाकलं. कारण असं लिहिलं की तिच्या निष्काळजीपणामुळे विरजण गेलं.

हरणांचं शिबिर पिंपळाखाली सुरू झालं. पद्धत तीच, सकारात्मक. महाराज पिंपळाखाली बसायचे. जे हरिण महाराजांपासून बाजूला होईल त्याला मूठभर मोहाची फुलं आणि टाळ्या. उन्हाळा चालू होता. रानातलं गवत करपून गेलं होतं, आणि मोहाची फुलं तर हरणांचा जीव की प्राण. पहिल्या दिवशी हरणं लांबूनच बघत होती. लांब असलेल्याला बाजूला कसं होता येणार? मग एक धीट हरिण चार पावलं महाराजांच्या पुढे गेलं आणि उडी मारून बाजूला झालं. त्याला फुलं मिळाली. दुसऱ्या दिवशी दहा हरणं पुढे गेली. तिसऱ्या दिवशी रांग लागली.

गोदाक्का पिंपळापासून थोड्या अंतरावर झुडपात राहत होती. रेवती रांगेकडे निघालेली तिला दिसली. ती धावत आडवी गेली.

"रेवते, जाऊ नगंस. तुझ्या पाया पडते."

"अक्का, म्या लई चपळ हाय," रेवती म्हणाली. "काल तीनदा बाजूला झाले. मास्तर म्हनले, तुझी प्रगती लई चांगली हाय."

"तुला फुलं पायजेत न्हवं? म्या आणते. डोंगरापल्याड जाऊन आणते. पन तू तिकडं जाऊ नगंस."

"फुलांचं न्हाई ओ अक्का. समदी टाळ्या वाजवत्यात." तिचे डोळे चमकत होते. "आणि म्हाराज काय परके हायेत व्हय? त्येंच्या उशाशी बसून मोठी झाले म्या."

गोदाक्कानं तिचा गळा धरून ठेवला. रेवतीनं हळूच मान सोडवून घेतली आणि ती गेली.

त्या दिवशी रेवती अकरा वेळा बाजूला झाली. शिबिरात सगळ्यात जास्त. तसं एकटंग्यांच्या वहीत लिहिलेलं आहे. बाराव्या वेळी ती पुढे गेली होती, हे गोदाक्कानं झुडपातून पाहिलं. वहीत त्याची नोंद नाही, कारण वहीत बाजूला झालेल्यांचाच रकाना होता.

गोदाक्का त्यानंतर ते जंगल सोडून गेली असं म्हणतात. कुठे गेली ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा शिबिराचा समारोप झाला. महाराज अंगानं चांगले भरले होते. त्यांची आयाळ पुन्हा काळीभोर दिसत होती. एकटंग्यांनी एका पायावर उभं राहून अहवाल वाचला.

"महाराज, कळवायला अत्यंत आनंद होतो की गेल्या सात दिवसांत आपल्या वाटेत एकही हरिण आलेलं नाही."

टाळ्या थोड्या कमी पडल्या. वाजवायला फारसं कुणी उरलं नव्हतं. महाराजांनी स्वतःच चार टाळ्या वाजवल्या, दुसरी शाल एकटंग्यांच्या खांद्यावर घातली, आणि आता सशांसाठी शिबिर कधी सुरू करता, असं त्यांना प्रेमानं विचारलं.

तात्पर्य: मुलांनो, मोठेपणी तुम्ही कुणाला शिकवायला निघालात, तर ज्याला नखं आहेत त्याच्या वाटेला जाऊ नका. ज्याला नखं नाहीत त्यालाच शिकवा. तो लक्ष देऊन ऐकतो, सांगाल तसं करतो, आणि शेवटी तक्रार करायला उरत नाही. निकाल नेहमी शंभर टक्के लागतो.